हूल आणि इशारा

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची पहिल्या काही आठवड्यांत एकदा तरी फजिती झालेली आहे. सोमवार, दुपारचे बारा. ऑफिसच्या कँटीनमध्ये आपण घरून आणलेला डबा उघडतो आणि बाहेर भोंगा वाजू लागतो, तोही लांबलचक, पोटात गोळा आणणारा. आपण दचकून उभे राहतो आणि इकडेतिकडे पाहतो. टेबलावरचे बाकीचे सगळे शांतपणे ब्रेड-चीज खात असतात. कोणीतरी हसून सांगतं, "अरे, आज महिन्याचा पहिला सोमवार आहे. चाचणी चाललीय."

दुसऱ्या महिन्यात आपण दचकतो, पण उठत नाही. वर्षभरानंतर भोंगा वाजला की 'बारा वाजले वाटतं' एवढंच मनात येतं. इथे एक जुना विनोद आहे: या देशावर हल्ला करायचा असेल तर शत्रूने महिन्याच्या पहिल्या सोमवारी बारा वाजता यावं, कोणी खिडकीतून डोकावूनसुद्धा पाहणार नाही.

विनोद बाजूला ठेवला तर त्यात एक खरा प्रश्न आहे, आणि गेली तीन-चार वर्षं तो आपल्या सगळ्यांच्या घरात येऊन बसला आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हापासून इथल्या टीव्हीवरच्या चर्चांत युद्ध रोजचं झालं. जून २०२५ मध्ये नाटोची शिखर परिषद द हेगमध्ये भरली आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के संरक्षणावर खर्च करायचं ठरलं. गेल्या हिवाळ्यात सरकारने घरोघरी एक पुस्तिका पाठवली, आणीबाणीत पहिले ७२ तास स्वतःच्या बळावर कसे काढायचे ते सांगणारी. काहींनी ती वाचली आणि बऱ्याच जणांनी जाहिरातींच्या कागदांबरोबर रद्दीत टाकली. 'पुरे झालं आता' हे वाक्य डच शेजाऱ्यांकडून ऐकू येतं आणि आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांतही ऐकू येतं. रोज मरे त्याला कोण रडे?

जुन्या मराठीत याच्यासाठी एक नेमका शब्द आहे, 'हूल'. शत्रू आला अशी खोटी आवई उठायची, गावकरी सामान गुंडाळून रानात पळायचे आणि शत्रू काही यायचा नाही. हूल उठली, असं म्हणत. आपल्या मुलांना हीच गोष्ट लांडगा आणि मेंढपाळाच्या रूपात माहीत आहे. पण त्या गोष्टीतला मुलगा मुद्दाम खोटं बोलत होता. ओरडणारा खरं बोलत असूनही लांडगा येत नसेल, तर काय करायचं? या देशात नेमकं असंच एकदा घडलं आहे. तो इतिहास इथल्या शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांनाही सहसा तपशिलात माहीत नसतो.

'शांतपणे झोपा'

मार्च १९३६. हिटलरने करार मोडून ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवलं. जर्मनीची सीमा लागून असल्यामुळे इथे घबराट पसरली. ११ मार्चला पंतप्रधान हेंड्रिक कोलाइन रेडिओवर बोलले. श्रोत्यांनी रात्री अंथरुणावर पडल्यावर नेहमीसारखं शांतपणे झोपावं, खरोखर काळजी करण्याचं कारण सध्या नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे भाषण लोकांच्या मनात इतकं रुतून बसलं की आजही पुष्कळ डच लोकांना ते १९४० च्या हल्ल्याच्या आदल्या रात्रीचं वाटतं. प्रत्यक्षात कोलाइन १९३९ च्या उन्हाळ्यातच पायउतार झाले होते.

त्यांच्यानंतर आलेल्या पंतप्रधानांचं आडनाव दे गेर, डच उच्चारात ते जवळजवळ 'द खेर' होतं. ऐकणाऱ्याला आपल्या खेरांपैकीच कोणी वाटावे. त्यांचा भर तटस्थतेवर होता. पहिल्या महायुद्धात नेदरलँड्स तटस्थ राहिला आणि वाचला, तसंच आताही होईल, फक्त कोणाला डिवचायचं नाही, हे धोरण बहुसंख्य लोकांनाही पटत होतं. आपल्याकडे म्हणतात, वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. पण १९१४ मध्ये वाघाने खरोखरच खाल्लं नव्हतं, त्यामुळे या विश्वासाला वेडेपणा म्हणता येत नाही.

२८ ऑगस्ट १९३९ ला सैन्याची जमवाजमव सुरू झाली. सुमारे २ लाख ८० हजार माणसं शेतं, दुकानं आणि कचेऱ्या सोडून छावण्यांत आणि खंदकांत गेली, आणि मग काहीच घडलं नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. सैनिकांना कंटाळा येऊ नये म्हणून करमणुकीचे कार्यक्रम होऊ लागले.

मेजर सास यांच्या तारखा

बर्लिनच्या डच वकिलातीत मेजर सास नावाचे लष्करी प्रतिनिधी होते. जर्मन लष्करी गुप्तहेर खात्यातले एक वरिष्ठ अधिकारी कर्नल हान्स ओस्टर त्यांचे जुने मित्र होते. ओस्टर हिटलरचे कट्टर विरोधक होते. त्यांनी एक भयंकर निर्णय घेतला. आपल्याच देशाच्या हल्ल्याच्या योजना ते या डच मित्राला सांगू लागले. पकडले गेले असते तर फाशी ठरलेली होती. बदल्यात त्यांना काहीही मिळणार नव्हतं.

नोव्हेंबर १९३९ मध्ये ओस्टर यांनी पहिली तारीख सांगितली: १२ नोव्हेंबर. सास स्वतः द हेगला गेले आणि वरिष्ठांपुढे व मंत्र्यांपुढे सगळं मांडलं. सैनिकांच्या रजा रद्द झाल्या, देशभर धावपळ उडाली आणि १२ तारीख शांतपणे उलटून गेली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान दे गेर रेडिओवर आले आणि त्यांनी लोकांना सांगितलं की उगाच धास्ती घेऊन जिवाला त्रास करून घेऊ नका.

सास यांनी तारीख मनाने रचली नव्हती. हिटलरने हल्ल्याचा हुकूम खरोखर दिला होता आणि मग हवामान बघून मागे घेतला होता. हे एकदाच झालं नाही. पश्चिमेवरच्या हल्ल्याची तारीख एकूण २९ वेळा पुढे ढकलली गेली, असं इतिहासकार मोजतात. ओस्टर यांना नवी तारीख कळली की सास ती कळवायचे. ती उलटून जायची आणि द हेगमध्ये सास यांची किंमत आणखी थोडी घसरायची. सरसेनापती जनरल रैंडर्स यांचा तर त्यांच्यावर मुळीच विश्वास नव्हता. जर्मन गुप्तहेर या भोळ्या माणसाला मुद्दाम खोट्या बातम्या पुरवत असतील, असाही तर्क होता. तो तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. आपल्याला कोणी अशा तारखांवर तारखा दिल्या असत्या, तर आपणही वेगळं वागलो असतो असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मध्यंतरी त्या वर्षीचा कडक हिवाळा आला. कालवे गोठले. ३० जानेवारी १९४० ला फ्रिसलँडमध्ये एल्फस्टेडनटॉख्त, म्हणजे अकरा शहरांतून जाणारी बर्फावरची मोठी स्केटिंग शर्यत झाली. पहिल्या पाच जणांनी एकमेकांशी स्पर्धा न करता एकत्र शर्यत संपवली. डोक्कुम गावी ठरलेला हा करार म्हणून तो किस्सा अजून सांगितला जातो. देश तेव्हा त्याविषयी बोलत होता. मेजर सास यांच्याविषयी बोलण्याचा कोणालाच उत्साह उरला नव्हता.

एप्रिलच्या सुरुवातीला ओस्टर यांनी सांगितलं की आता पाळी डेन्मार्क आणि नॉर्वेची आहे. सास यांनी बर्लिनमधल्या डॅनिश नौदल प्रतिनिधीला सावध केलं. कोपनहेगनमध्येही कोणी फारसं मनावर घेतलं नाही. ९ एप्रिलला डेन्मार्क काही तासांत पडला. सास यांचं बोलणं खरं ठरलं होतं. तरीही द हेगमधला त्यांच्याविषयीचा संशय पुरता गेला नाही. एकदा कान विटले की एका खऱ्या बातमीने ते परत येत नाहीत.

ऑपरेशन उद्या पहाटे

९ मे १९४० च्या संध्याकाळी दोघे मित्र बर्लिनमध्ये एकत्र जेवले. जेवणानंतर ओस्टर मुख्यालयात जाऊन आले. सास बाहेर थांबले होते. ओस्टर परत आले ते या वेळी हुकूम मागे घेतलेला नाही ही बातमी घेऊन. सास धावत वकिलातीत गेले आणि त्यांनी द हेगला फोन लावला. ठरलेल्या सांकेतिक भाषेत सांगितलं की उद्या पहाटे.

थोड्या वेळाने त्यांना उलट फोन आला. परदेशी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख बोलत होते. त्यांनी उघड्या लाइनवर, सगळ्यांना कळेल अशा 'सांकेतिक' भाषेत विचारलं की तुमच्या पत्नीच्या ऑपरेशनची वाईट बातमी कळली, पण सगळ्या डॉक्टरांचा सल्ला घेतलात ना? सास यांचा संताप झाला. होय, सगळ्यांचा घेतलाय, ऑपरेशन उद्या पहाटेच आहे, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. युद्धानंतर संसदेच्या चौकशी समितीपुढे त्यांनी हा प्रसंग सांगितला.

सैन्य त्या रात्री सावध होतं हे सांगायला हवं. ७ मेलाच रजा रद्द झाल्या होत्या आणि सीमेवरचे पूल उडवायची तयारी होती. पण पहाटे जर्मन विमानं देशावरून उत्तर समुद्राकडे गेली, तेव्हा झोपेतून उठलेल्या अनेकांना वाटलं की ती इंग्लंडवर चालली आहेत. ती समुद्रावरून वळून परत आली. आज आपली कितीतरी कुटुंबं ज्या आयपनबुर्खमध्ये राहतात, ती वस्ती तेव्हा विमानतळ होती. तिथे, फाल्कनबुर्खला आणि ओकनबुर्खला पॅराशूटवाले सैनिक उतरले. रेनेनच्या प्राणिसंग्रहालयात मुलांना पांडा दाखवायला आपण जातो, त्याच्या शेजारच्या ग्रेबेबर्ग टेकडीवर तीन दिवस लढाई चालली. रस्त्यापलीकडच्या दफनभूमीत आठशेहून अधिक डच सैनिक आहेत. १४ मेला रॉटरडॅमवर बॉम्ब पडले, आठशेच्या आसपास माणसं मेली, सुमारे ८० हजार बेघर झाली आणि त्याच संध्याकाळी देशाने शस्त्रं खाली ठेवली. सगळं पाच दिवसांत संपलं.

पाच दिवसांतली भीती

त्या पाच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. इतके महिने ज्यांनी इशारे ऐकायचं नाकारलं होतं, तेच लोक आता काहीही ऐकायला आणि मानायला तयार झाले. पाण्यात विष कालवलंय, जर्मन सैनिक नन्सच्या वेषात उतरलेत, अमक्याच्या खिडकीतून गोळ्या येतायत अशा अफवा गावोगाव पसरल्या. मुळाशी थोडं सत्य होतं. खेनेपचा रेल्वेपूल जर्मनांनी डच गणवेश घातलेल्या माणसांच्या मदतीने खरोखर फसवून घेतला होता. त्या एका खऱ्या फसवणुकीतून हजार खोट्या गोष्टी जन्मल्या. शहरांमध्ये सैनिकांनी घाबरून आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या.

आणि या भीतीचा पहिला फटका बाहेरून आलेल्यांना बसला. जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना घराबाहेर पडायला बंदी झाली, कित्येकांना पकडून डांबलं गेलं. त्यात हिटलरपासून जीव वाचवून इथे आलेले ज्यू निर्वासितही होते. ज्याच्या तावडीतून सुटून ते आले होते, त्याचेच हस्तक म्हणून त्यांच्याकडे पाहिलं गेलं. आपणही या देशात बाहेरून आलेले आहोत. म्हणून हे वाचताना मला रॉटरडॅमच्या आगीइतकंच हे पान जड जातं.

इतिहासकार लू दे योंग यांनी पुढे या 'पाचव्या फळी'वरच आपला प्रबंध लिहिला. तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा की घरोघरी लपलेल्या हस्तकांची ही सेना प्रामुख्याने लोकांच्या भीतीने उभी केली होती. आधीचा कंटाळा आणि नंतरची घबराट एकाच घरात राहत होत्या. ऐकायची सवय सुटली होती, म्हणून ऐकायची वेळ आली तेव्हा खरं-खोटं निवडता आलं नाही.

जिन्याखाली

युद्ध संपलं आणि शीतयुद्ध सुरू झालं. १९५२ मध्ये नागरी संरक्षण संघटना स्थापन झाली. १९६१ मध्ये सरकारने घरोघरी एक पुस्तिका पाठवली. अणुबॉम्ब पडला तर कुटुंबाचं रक्षण कसं करायचं याच्या सूचना तिच्यात होत्या. साठा ठेवा, जिन्याखालच्या जागेत आसरा करा, अशा स्वरूपाच्या. हिरोशिमाची छायाचित्रं पाहिलेल्या लोकांना जिन्याखालचा आसरा हास्यास्पद वाटला. ती संघटना पुढे चेष्टेचाच विषय झाली आणि १९८६ मध्ये बंद झाली. १९७१ मध्ये मुंबईत खिडक्यांना काळे कागद लावलेले आणि मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले ज्यांना आठवतात, त्यांना त्यातला फरक कळेल. ब्लॅकआउटमध्ये निदान आपण लाइट बंद केल्याचा काही उपयोग आहे असं वाटायचं. उपयोग नसलेली सूचना माणसाला घाबरवतेही आणि कंटाळवतेही.

मग आली क्षेपणास्त्रं. १२ डिसेंबर १९७९ ला नाटोने ठरवलं की पश्चिम युरोपात ५७२ नवी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं बसवायची. त्यांपैकी ४८ नेदरलँड्सच्या वाट्याला होती, ब्राबंटमधल्या वूंसड्रेख्त गावी. त्यानंतर सहा वर्षं हा देश फक्त वाद घालत होता. चर्चमध्ये, शाळेत, जेवणाच्या टेबलावर, लग्नात. दोन्ही बाजूंनी भीतीच विकली जात होती. स्वयंपाकघरात रशियन माणूस शिरण्यापेक्षा बागेत क्षेपणास्त्र परवडलं, असं एक बाजू म्हणे. दुसरी बाजू जळालेल्या युरोपची चित्रं दाखवी.

पण इथे कंटाळ्याने वेगळं रूप घेतलं. २१ नोव्हेंबर १९८१ ला अॅमस्टरडॅममध्ये चार लाखांवर माणसं रस्त्यावर आली. २९ ऑक्टोबर १९८३ ला द हेगच्या मालीफेल्डवर साडेपाच लाख जमले. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वाचौदा कोटी नव्हे, सव्वाचौदा लाखही नव्हे, जेमतेम एक कोटी चाळीस लाखांच्या घरात होती. म्हणजे साधारण दर पंचवीस माणसांत एक. राणी बिआत्रिक्स यांची बहीण राजकन्या इरेने हिनेही तिथे भाषण केलं. परदेशात या साथीला 'हॉलंडायटिस' असं रोगाचं नाव मिळालं.

पंतप्रधान रूड लुबर्स यांनी जून १९८४ मध्ये एक अजब तोडगा काढला. सोव्हिएत एसएस-२० क्षेपणास्त्रांची संख्या १ नोव्हेंबर १९८५ पर्यंत ३७८ च्या वर गेली तर आपली बसवायची, नाहीतर नाही. सबंध देश आकडा मोजत बसला. ऑक्टोबर १९८५ मध्ये विरोधकांनी ३७ लाखांहून अधिक सह्या गोळा करून लुबर्स यांच्या हाती दिल्या. ते बोलायला उभे राहिले तेव्हा सभागृहातल्या पुष्कळांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. काही दिवसांतच, १ नोव्हेंबरला, सरकारने क्षेपणास्त्रं बसवण्याचा निर्णय घेतला.

ती कधीच बसली नाहीत. ८ डिसेंबर १९८७ ला रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी करारावर सह्या केल्या आणि तो सगळा प्रकारच रद्द झाला. मोर्चांमुळे की क्षेपणास्त्रांच्या धाकामुळे, हा वाद अजून चालू आहे आणि तो मिटवण्याचं सामर्थ्य माझ्यात नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. इतक्या वर्षांच्या वादाने दमूनसुद्धा लोकांनी विषय दुसऱ्याच्या गळ्यात टाकला नाही. नाटो, सोव्हिएत संघ, पल्ला, संख्या हे शब्द इथल्या आजीबाईंनाही समजू लागले होते. घाबरलेले होते, पण काय चाललंय ते बघत होते.

झाडी रिकामी असते तेव्हा

१९४० मध्ये लांडगा झाडीत होता आणि लोक ओरडण्याला विटले होते. याच्या अगदी उलटही घडतं. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा डच सरकारने त्याला राजकीय पाठिंबा दिला, सैन्य मात्र पाठवलं नाही. सद्दामकडे महासंहारक अस्त्रं आहेत असं सांगितलं जात होतं. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक त्या वेळी इराकमध्ये जाऊन प्रत्यक्ष शोधत होते आणि त्यांना आणखी वेळ हवा होता. तो दिला गेला नाही. अस्त्रं नंतरही सापडली नाहीत. इथे डाव्हिड्स समितीने या सगळ्याची चौकशी केली आणि जानेवारी २०१० मध्ये अहवाल दिला की त्या हल्ल्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरेसा आधार नव्हता. अहवाल यायला सात वर्षं लागली. तोपर्यंत लोकांना इराक हा शब्दही नकोसा झाला होता.

आणि आपल्या घरची गोष्ट. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा आपल्यापैकी कोण झोपलं होतं? ७ तारखेला देशभर सायरनचे सराव झाले आणि इथे आपण फोनला चिकटलो. ८ तारखेच्या रात्री काही भारतीय वाहिन्यांनी कराची बंदरावर नौदलाने हल्ला केल्याची बातमी दिली. आपल्या ग्रुपवर ती मिनिटभरात दहा वेळा फिरली, मीही पुढे पाठवली. तसं काहीही झालेलं नव्हतं. १० मेला युद्धविराम झाला. योगायोगाने हॉलंडवरच्या हल्ल्याला त्या दिवशी बरोबर ८५ वर्षं झाली होती. सीमेजवळच्या गावांत ज्यांची माणसं खरोखर गेली, त्यांच्या बातम्या त्या गदारोळात कुठे खाली गेल्या ते मला आठवतही नाही. त्याची मला लाज वाटते.

ओरडणं मोजायचं की झाडी पाहायची?

सास यांच्या गोष्टीचा धडा म्हणून 'प्रत्येक इशारा खरा माना' असं कोणी सांगितलं, तर ते चुकीचं होईल. तसं केलं तर माणूस रोज रानात पळेल. द हेगमधल्या अधिकाऱ्यांची चूक वेगळी होती. किती तारखा खोट्या ठरल्या हे ते मोजत बसले. त्या का खोट्या ठरल्या, हे पुरेसं विचारलं गेलं नाही. जर्मन सैन्य सीमेवरून हललं नव्हतं, हुकूम रद्द झाला नव्हता, फक्त हवा खराब होती. न घडलेला इशारा आणि हूल बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्ही वेळा सकाळी उठून पाहावं तर काहीच झालेलं नसतं. फरक झाडीत जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

पाहायला फार विद्वत्ता लागत नाही. सांगणारा नेमकं काय, कुठे, केव्हा ते सांगतो का? ते तपासायची सोय ठेवतो का, की तपासणाऱ्यालाच गप्प करतो? ओस्टर यांनी तारखा दिल्या आणि स्वतःचा जीव पणाला लावला. एप्रिल १९४५ मध्ये फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिलं गेलं. सास १९४८ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांना त्या इशाऱ्यांतून मत, पद किंवा पैसा यांपैकी काही हवं नव्हतं. बागुलबुवा दाखवणारा मात्र नेहमी काहीतरी मागत असतो, आणि बहुधा कोणाकडे तरी बोट दाखवत असतो. 'शांतपणे झोपा' म्हणणाऱ्यालाही तेच प्रश्न विचारायला हवेत. आपल्या कंटाळ्यावर त्याचंही दुकान चालतं.

गेल्या हिवाळ्यात आलेली ती पुस्तिका मी रद्दीतून परत काढली. १९६१ च्या पुस्तिकेपेक्षा ती शहाणी वाटली. तिच्यात शत्रूचं नाव घेऊन घाबरवलेलं नाही. पूर, वीज जाणं, सायबर हल्ला, युद्ध, काहीही झालं तरी पाणी, टॉर्च, रेडिओ, थोडी रोकड हाताशी असावी, आणि शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवावं, एवढंच ती सांगते. आमच्या मुलीने यादी वाचून विचारलं, "बाबा, ७२ तासांचं खाणं म्हणजे किती?" दिवाळीच्या फराळाचे डबे पाहिल्यावर तो प्रश्न आपोआप सुटला.

शेजाऱ्यांशी बोलायचं राहिलं होतं. आमच्या जिन्यावर सहा बिऱ्हाडं आहेत, त्यांपैकी तिघांची नावं मला सात वर्षांत माहीत नव्हती. या दिवाळीत चकल्या आणि करंज्यांचं ताट घेऊन आम्ही सगळ्यांकडे जाणार आहोत. वरच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. १९४० मध्ये ते चार वर्षांचे होते, एवढं जिन्यात बोलताना कळलं आहे. त्या पहाटे त्यांच्या घरी कोण काय म्हणालं, ते मला त्यांना विचारायचं आहे.